बाळाचा पहिला शब्द

जून महिन्यात बालवाडीचे वर्ग भरू लागले, की त्यात एखादे मूल असे निघते, जे काहीच बोलत नाही. हात धरून ओढते, बोटाने दाखवते, हवे ते न मिळाल्यास रडते. पण शब्द नाही. आईला विचारावे, तर उत्तर ठरलेले : ‘‘बोलेल हळूहळू. याचा मामाही उशिराच बोलायला लागला.’’ आजीच्या मते जीभ जड असते, म्हणून ती वेखंड उगाळून चाटवते. आपणही मान डोलावतो आणि हजेरी पुढे सुरू करतो.

आजीचे आणि आईचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते, ही यातली अडचण आहे. मूल खरोखरच उशिरा बोलू लागते आणि सगळे विसरून जातात. पण जेव्हा ते खरे ठरत नाही, तेव्हा मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे हातची गेलेली असतात. थांबायचे कधी आणि उठायचे कधी, हे माणसाला बऱ्याच उशिरा उमगले. ते कसे उमगले, याचा इतिहास आपण पाहू.

मुलाच्या बोलण्याविषयीचे सर्वांत जुने ‘प्रयोग’ राजांच्या नावावर आहेत. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या सॅमेटिकस राजाची गोष्ट लिहून ठेवली आहे. जगातली मूळ भाषा कोणती, हे राजाला शोधायचे होते. त्याने दोन तान्ही मुले एका मेंढपाळाच्या हवाली केली आणि त्यांच्यापुढे कुणीही एक शब्द उच्चारायचा नाही, अशी आज्ञा दिली. दूध पाजण्यासाठी शेळ्या आणत. दोन वर्षांनी मुले ‘बेकोस’ असे काहीसे ओरडू लागली. फ्रिजियन भाषेत या शब्दाचा अर्थ भाकरी, म्हणून फ्रिजियन लोक सर्वांत प्राचीन, असा निर्णय राजाने दिला! मुले बहुधा शेळ्यांच्या ओरडण्याची नक्कल करत असावीत, ही शंका पुढे अनेकांनी घेतली आहे.

आपल्याकडे अकबराची हकीकत अबुल फझल आणि बदायुनी या दोघांनीही दिली आहे. ऐकल्यामुळेच माणूस बोलू लागतो, असे अकबराचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी काही तान्ही मुले एका वेगळ्या इमारतीत ठेवण्यात आली. त्यांना सांभाळणाऱ्या दायांना बोलण्याची बंदी होती. या इमारतीला लोक ‘गुंग महाल’, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले. १५८२ साली बादशहा तेथे गेला, तेव्हा एकाही मुलाच्या तोंडून शब्द निघाला नाही. अकबराचे मत बरोबर ठरले; पण त्याची किंमत त्या मुलांनी मोजली. आज असा प्रयोग कुणी केला, तर तो गुन्हा ठरेल. तरी त्यातला धडा आपण लक्षात ठेवू : भाषा कानावाटे आत येत नसेल, तर ती तोंडावाटे बाहेर येत नाही. पुढे याच धड्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

मुलाला कुणापासून न तोडता, त्याच्या घरीच त्याच्याकडे नीट पाहावे, ही कल्पना बरीच उशिराची. डीट्रिख टीडमान या जर्मन तत्त्वज्ञाने १७८१ साली जन्मलेल्या आपल्या मुलाच्या वाढीची टिपणे ठेवली आणि १७८७ साली ती प्रसिद्ध केली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी हिप्पोलीत तेन या फ्रेंच विचारवंताने आपल्या मुलीच्या भाषेवर एक लेख लिहिला. तो वाचून चार्ल्स डार्विनला आपली जुनी वही आठवली. त्याचा थोरला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला होता. त्या वहीतल्या नोंदी डार्विनने १८७७ साली, म्हणजे तब्बल सदतीस वर्षांनी, छापल्या.

त्यातल्या दोन नोंदी आजही उपयोगाच्या आहेत. सात महिन्यांचा असताना दाईचे नाव घेतले, की विल्यम तिला शोधण्यासाठी मान वळवी. आणि बरोबर एक वर्षाचा झाल्यावर त्याने खाण्यासाठी स्वतःच एक शब्द काढला : ‘मम्’. आपल्या घरांतले ‘मंमं’ वाचकांना आठवल्याशिवाय राहणार नाही. पुढे साखरेला तो ‘शु-मम्’ म्हणू लागला. म्हणजे बोलण्याच्या कितीतरी आधी समजणे सुरू झालेले होते. मूल बोलत नसेल, तर त्याला समजते का, हे आधी पाहावे, ही आजच्या तपासणीतली पहिली पायरी त्या वहीतच दिसते.

त्यानंतर विल्हेल्म प्रायर या शास्त्रज्ञाने आपल्या मुलाची रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ नोंद घेऊन १८८२ साली ग्रंथ लिहिला. क्लारा आणि विल्यम स्टर्न या दांपत्याने आपल्या तीन मुलांच्या रोजनिशीवरून १९०७ साली मुलांच्या भाषेवर पुस्तक काढले. रोजनिशीचे बरेचसे काम क्लाराबाईंनी केले होते. पण या सगळ्या नोंदी सुशिक्षित घरांतल्या एकेकट्या मुलांच्या. एका मुलावरून सर्वांचा नियम कसा सांगणार?

यासाठी पुष्कळ मुलांची मोजदाद हवी होती. अमेरिकेत मडोरा स्मिथ यांनी १९२६ साली मुलांच्या शब्दसंग्रहाची सरासरी दिली : एक वर्षाला ३ शब्द, दीड वर्षाला २२ आणि दोन वर्षांना २७२. पण सरासरी हा फसवा आकडा असतो. १९९४ साली लॅरी फेन्सन आणि सहकाऱ्यांनी अठराशेच्या वर मुलांच्या पालकांकडून शब्दांच्या याद्या भरून घेतल्या. दोन वर्षांच्या काही मुलांकडे पन्नास-साठ शब्दही नव्हते, तर काहींकडे पाचशेच्या वर होते! दरम्यान टेपरेकॉर्डर आला होता. हार्वर्डच्या रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांचे बोलणे महिनोन्‌महिने ध्वनिमुद्रित केले आणि १९७३ साली निष्कर्ष मांडले. तिघांचा वेग अगदी वेगवेगळा होता. पण व्याकरणाच्या खुणा बोलण्यात येण्याचा क्रम जवळजवळ सारखाच होता.

‘बोलेल हळूहळू’ या म्हणण्यातला खरा भाग हा असा आहे. वेगात फरक असणारच. काळजी करायची ती टप्पाच गाळला गेला, किंवा आलेला टप्पा मागे गेला, तर.

आता कानाकडे वळू. १९७१ साली पीटर आयमस आणि सहकाऱ्यांनी एक ते चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याचा वेग मोजला. एकच आवाज ऐकून बाळ कंटाळले, की वेग मंदावे. ‘बा’ बदलून ‘पा’ लावताच तो पुन्हा वाढे. म्हणजे पहिला शब्द यायच्या कितीतरी आधी बाळाचा कान भाषेचे काम करत असतो.

मग ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याचे काय? इथे आईवडील हमखास फसतात. बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, हसते, आवाज काढते. त्यामुळे कुणाला शंका येत नाही. फरक पडतो तो सहा ते दहा महिन्यांच्या सुमारास. ऐकू येणारे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करू लागते. बहिऱ्या मुलाची ही बडबड फार उशिरा येते. थाळी वाजवून पाहणे ही परीक्षा पुरेशी नाही. थाळीचा मोठा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले ‘स’ किंवा ‘फ’ ऐकू येत नसतील.

१९७८ साली लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवले, की निरोगी कान आवाज घेतो तसा अगदी मंद आवाज बाहेरही टाकतो. हा प्रतिध्वनी मोजून झोपलेल्या नवजात बाळाचाही कान काही मिनिटांत तपासता येऊ लागला. त्याचा उपयोग किती, हे १९९८ साली कोलोरॅडोतून कळले. क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी ऐकण्यात दोष असलेल्या १५० मुलांची तुलना केली. सहा महिन्यांच्या आत दोष कळून मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा, उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. अकबराच्या महालातल्या मुलांना भाषेपासून तोडले होते राजाज्ञेने. इथे मुलाला तोडतो तो न ओळखलेला दोष आणि आपले थांबणे. श्रवणयंत्राने असो वा खुणांच्या भाषेने, मुलापर्यंत भाषा वेळेवर पोचली पाहिजे.

या इतिहासातून शिक्षकांच्या हाती काय लागते? मूल वर्षाचे होऊनही नावाला ओळख देत नसेल, बडबड करत नसेल, टाटा करणे किंवा बोट दाखवणे या खुणा करत नसेल. दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांपर्यंत पन्नासएक शब्द किंवा ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नसेल, तर तपासणी करून घ्यावी. आणि येत असलेले शब्द मुलाने गमावले, तर कोणत्याही वयात लगेच दाखवावे. तपासणीची सुरुवात कानापासून करावी. दोन वर्षांचे असताना मागे असलेली बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, हे खरे. पण त्यांतले कोण येईल, हे नुसत्या थांबण्याने कळत नाही. तपासणीत काही निघाले नाही, तर गमावले काहीच नाही.

घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असेल, तर त्यालाच दोष देऊ नये. वर्नर लिओपोल्ड यांनी इंग्रजी आणि जर्मन बोलत वाढलेल्या आपल्या मुलीची हकीकत १९३९ ते १९४९ या काळात चार खंडांत दिली आहे. दोन भाषांत वाढल्याने मूल मागे पडत नाही. अहिराणी, गोंडी किंवा मारवाडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

मदत दूर नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी करण्याची व पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या केंद्रात पाठवण्याची तरतूद आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या विषयांत काम करते.

मूल वर्गात येते तेव्हा ते तीन-चार वर्षांचे झालेले असते, म्हणजे उशीर थोडा झालेलाच असतो. पण आपल्या वर्गातल्या मुलाला धाकटे भावंड असते, शेजारी तान्हे बाळ असते आणि पालकसभेला त्या आया येतात. ‘बोलेल हळूहळू’ असे त्या म्हणाल्या, तर आपण एवढेच विचारू या : ‘‘त्याला नीट ऐकू येते ना, हे तपासून घेतलेत का?’’