ह्युंदाई मोटार कंपनी

दक्षिण कोरियातील मोटारगाड्यांची सर्वांत मोठी उत्पादक संस्था. स्थापना डिसेंबर १९६७. मुख्यालय सोल येथे असून प्रमुख कारखाना देशाच्या आग्नेय किनाऱ्यावरील उल्सान या बंदरात आहे. ‘ह्युंदाई’ या कोरियन शब्दाचा अर्थ ‘आधुनिक’ असा होतो. माफक किमतीची मोटारगाडी ही या संस्थेची मूळ ओळख होय. अशा गाडीला पहिला ग्राहक किमतीमुळे मिळतो. तिचा लौकिक मात्र विक्रीनंतरच्या वर्षांत दुरुस्तीची सोय, सुट्या भागांचा पुरवठा आणि फेरविक्रीचे मूल्य यांवर ठरतो. ह्युंदाईचा अमेरिकेतील व भारतातील इतिहास, तसेच तिच्याच देशातील देवू या संस्थेची भारतातील वाताहत, यांवरून ही गोष्ट स्पष्ट होते. या दोन्ही संस्थांचा वारसा महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील एकाच कारखान्यात एकत्र आलेला आहे.

इतिहास : संस्थेचे संस्थापक चुंग जू-युंग (१९१५–२००१) यांचा जन्म सांप्रतच्या उत्तर कोरियातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १९४० मध्ये त्यांनी सोल येथे मोटारदुरुस्तीचा व्यवसाय हाती घेतला आणि १९४७ मध्ये बांधकाम संस्था स्थापन केली. कोरियन युद्धानंतरच्या (१९५०–५३) पुनर्रचनेत तिची भरभराट झाली. मोटारनिर्मितीत पदार्पण करताना संस्थेने फोर्ड या अमेरिकी कंपनीशी करार केला व १९६८ पासून उल्सान येथे फोर्ड कॉर्टिना या गाडीची जुळणी सुरू केली. तथापि दुसऱ्याच्या नमुन्याची केवळ जुळणी करण्यापेक्षा स्वतःचा नमुना निर्यात करावा, असे धोरण लवकरच ठरले. त्यासाठी ब्रिटिश लेलँडमधील माजी अधिकारी जॉर्ज टर्नबुल यांना पाचारण करण्यात आले. बाह्यांगाचा आराखडा जॉर्जेत्तो जुजारो या इटालियन अभिकल्पकाने केला, तर एंजिन व प्रेषणयंत्रणा जपानच्या मित्सुबिशी कंपनीकडून घेण्यात आली. ‘पोनी’ हे नाव दिलेली ही गाडी १९७४ मध्ये तूरिन येथील प्रदर्शनात मांडण्यात आली आणि १९७५ च्या अखेरीस तिचे उत्पादन सुरू झाले. १९७६ मध्ये तिची एक्वादोरला निर्यात झाली. पोनी ही कोरियाची स्वतःची अशी पहिली मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली मोटारगाडी मानली जाते.

अमेरिकेतील अनुभव : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८६ मध्ये ह्युंदाईने ‘एक्सेल’ ही गाडी ४,९९५ डॉलर या मूळ किमतीस आणली. पहिल्याच वर्षी तिच्या सु. १,६९,००० गाड्या विकल्या गेल्या. नवखी परदेशी संस्था म्हणून हे यश विलक्षण होते. पण ते टिकले नाही. गंज, निकृष्ट भाग व वारंवार होणारे बिघाड यांच्या तक्रारी वाढल्या, जुन्या गाडीला किंमत येईना आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांतून या नावाची थट्टा होऊ लागली. विक्री झपाट्याने उतरली. स्वस्त म्हणजे टाकाऊ, असा समज एकदा दृढ झाल्यावर केवळ किंमत कमी करून तो दूर होत नाही, हे संस्थेच्या ध्यानी आले.

सुधारणेस दोन बाजूंनी आरंभ झाला. १९९१ मध्ये संस्थेने स्वतः विकसित केलेले ‘आल्फा’ हे पहिले एंजिन तयार करून परकी तंत्रज्ञानावरील अवलंबन कमी केले. नंतर, १९९८ च्या सुमारास, अमेरिकेतील पहिल्या खरेदीदाराला एंजिन व प्रेषणयंत्रणेसाठी १० वर्षे किंवा १ लक्ष मैलांची हमी देऊ करण्यात आली. ही हमी म्हणजे एक प्रकारे संस्थेने स्वतःवर लादून घेतलेला दंडच होता. गाडी बिघडल्यास खर्च उत्पादकाच्याच माथी येणार असल्यामुळे कारखान्यातील दर्जानियंत्रण कडक करणे भाग पडले. संस्थापकाचे पुत्र चुंग मोंग-कू यांनी १९९९ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर या धोरणाला गती मिळाली. २००४ मधील नव्या गाड्यांच्या दर्जाविषयीच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी पाहणीत ह्युंदाई वरच्या क्रमांकांत पोहोचली. मध्यंतरी १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात दिवाळखोर झालेली किआ ही कोरियन संस्था ह्युंदाईने १९९८ मध्ये ताब्यात घेण्याचे ठरविले. लौकिकाची ही चढण मात्र सरळ नव्हती. गाड्यांच्या इंधनबचतीचे आकडे वाढवून सांगितल्याचे २०१२ मध्ये उघडकीस आले व २०१४ मध्ये या प्रकरणी ह्युंदाई व किआ यांना अमेरिकेत १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला.

भारतातील आगमन : भारतात मोटारगाड्यांचे उत्पादन दीर्घकाळ परवानापद्धतीने जखडलेले होते. महाराष्ट्रात वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आल्यावर मध्यमवर्गाचा ओढा तिकडे वळला. १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरील परवान्याचे बंधन उठले आणि परदेशी संस्थांची रीघ लागली. ह्युंदाईने मे १९९६ मध्ये पूर्णपणे स्वतःच्या मालकीची भारतीय उपसंस्था स्थापन केली व चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरातील इरुंगट्टुकोट्टई येथे कारखाना उभारला. चेन्नई बंदराचे सान्निध्य निर्यातीच्या दृष्टीने सोयीचे होते. कोरियातील सुट्या भागांच्या उत्पादकांनाही तिने त्या परिसरात आणले. त्यामुळे भाग देशातच उपलब्ध होऊ लागले व किंमत आटोक्यात राहिली.

२३ सप्टेंबर १९९८ रोजी ‘सँट्रो’ ही छोटी गाडी बाजारात आली. तिच्या मूळ नमुन्याची किंमत तीन लक्ष रुपयांच्या आसपास होती. उंच छपरामुळे तिचे रूप प्रथम अनेकांना विचित्र वाटले. परंतु वयस्कर माणसांना वाकावे न लागता आत बसता येई व मागील आसनावर पुरेशी जागा मिळे. या सोयींमुळे ती कुटुंबाची गाडी ठरली. अभिनेता शाहरुख खान याच्या जाहिरातींनी अपरिचित कोरियन नाव घरोघर पोहोचविले. तिच्या ९९९ घ. सेंमी. एंजिनात इंधन-अंतःक्षेपणाची आधुनिक योजना होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी धूर-प्रदूषणाचे कडक निकष लवकर लागू करण्याचा आदेश दिला, तेव्हा या एंजिनाचा ह्युंदाईला मोठा लाभ झाला. कार्ब्युरेटरच्या जुन्या एंजिनांपेक्षा ते निकष पाळणे त्याला सुलभ होते.

देवूची वाताहत : १९९८ हे वर्ष भारतीय छोट्या गाडीच्या इतिहासात निर्णायक ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस टाटांची पुण्यात तयार झालेली इंडिका आणि देवू या कोरियन संस्थेची ‘मॅटीझ’ याही गाड्या आल्या. मॅटीझचा आराखडाही जुजारो यांच्याच संस्थेचा होता. आटोपशीर बांधणी व देखणेपणा यांमुळे तिचे चांगले स्वागत झाले. इंडिकाच्या पहिल्या गाड्यांत अनेक दोष आढळले. ते दूर करून टाटांनी २००१ मध्ये सुधारित नमुना आणला व विश्वास परत मिळविला. देवूला मात्र अशी संधी लाभली नाही. किम वू-चुंग यांनी कर्जाच्या बळावर फुगविलेला हा उद्योगसमूह १९९९ मध्ये कोसळला. २००२ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने देवूचा मोटारव्यवसाय विकत घेतला. पण उत्तर प्रदेशातील सुरजपूर येथील भारतीय कारखाना त्या व्यवहारातून वगळण्यात आला व पुढे तो बंद पडला. मॅटीझ व तिच्याआधी आलेली सिएलो या गाड्यांचे मालक त्यामुळे निराधार झाले. गाडीत दोष नसला, तरी उत्पादकच नाहीसा झाल्यामुळे सुटे भाग मिळविणे कठीण झाले आणि फेरविक्रीची किंमत ढासळली.

मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांत या प्रकारचा फटका अधिक जाणवतो. विदर्भातील भंडारा हे त्याचे उदाहरण घेता येईल. नागपूर–रायपूर महामार्गावर नागपूरपासून सु. ६० किमी. अंतरावर वसलेल्या या जिल्ह्याला मोटार-उद्योग अपरिचित नाही; जिल्ह्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा मालवाहू वाहनांशी संबंधित कारखाना आहे. परंतु प्रवासी गाडी घेणाऱ्या शिक्षकाला, धान्यव्यापाऱ्याला किंवा भाड्याने गाडी चालविणाऱ्याला गावातल्या कारागिराला ती दुरुस्त करता येईल काय व भाग नागपुराहून दुसऱ्या दिवशी येईल काय, हे दोन प्रश्न किमतीइतकेच महत्त्वाचे असतात. मारुतीचे वर्चस्व या दोन प्रश्नांच्या उत्तरावर उभे होते. ह्युंदाईने देशभर विक्री व दुरुस्ती केंद्रांचे जाळे विणले आणि एका नमुन्याचे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवले, म्हणूनच ती मारुतीखालोखालचे स्थान अनेक वर्षे राखू शकली.

पुढील वाटचाल : सँट्रोनंतर अॅक्सेंट (१९९९), आय-टेन (२००७), आय-ट्वेंटी (२००८), इऑन (२०११) व क्रेटा (२०१५) हे नमुने आले. भारतात बनलेल्या छोट्या गाड्या परदेशीही मोठ्या प्रमाणावर पाठविण्यात आल्या. सँट्रोचे उत्पादन २०१४ च्या अखेरीस थांबले. २०१८ मध्ये त्याच नावाची नवी गाडी आणण्यात आली, पण ती २०२२ मध्ये बंद झाली. ग्राहकांचा कल उंच बांधणीच्या, अधिक किमतीच्या गाड्यांकडे वळल्याचे हे द्योतक होय.

स्वस्त गाडीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच काळात पुढे आला. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आघात-चाचण्यांत हवापिशव्या नसलेल्या आय-टेनला प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी एकही तारा मिळाला नाही. मारुती अल्टो, टाटा नॅनो, फोर्ड फिगो व फोक्सवॅगन पोलो यांच्या चाचणी केलेल्या नमुन्यांची स्थितीही तीच होती. किंमत कमी ठेवण्यासाठी नेमके काय वगळले जाते, हे यावरून सामान्य ग्राहकाला प्रथमच कळले. जुलै २०१९ पासून देशातील नव्या गाड्यांत चालकासाठी हवापिशवी सक्तीची झाली. ह्युंदाईच्या व्हर्ना या गाडीला २०२३ मध्ये पाच तारे मिळाले व त्याच वर्षी संस्थेने आपल्या सर्व भारतीय नमुन्यांत सहा हवापिशव्या देण्याचे जाहीर केले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मूळ कोरियन संस्थेने भारतीय उपसंस्थेतील १७·५ टक्के भाग विक्रीस काढून सु. २७,८०० कोटी रुपये उभे केले. तोपर्यंतची ती भारतातील सर्वांत मोठी प्रारंभिक भागविक्री होती.

तळेगाव येथील कारखाना : जनरल मोटर्सचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. १९२८ मध्ये तिने मुंबईत शिवडी येथे मोटारजुळणीचा कारखाना काढला होता व १९५४ मध्ये तो बंद केला. दुसऱ्या आगमनात तिने मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडेजवळ नवा कारखाना उभारला. तो सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. तेथे तयार झालेली शेव्हरोले स्पार्क ही वस्तुतः देवू मॅटीझचीच सुधारित आवृत्ती होती, तर शेव्हरोले बीट हिचा विकासही कोरियातच झाला होता. मात्र खप अपेक्षेइतका झाला नाही. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबविली आणि निर्यातीसाठी चालू ठेवलेले तळेगावचे उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये बंद केले. त्यामुळे एक हजारांहून अधिक कायम कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न उभा राहिला व कामगार संघटनेने न्यायालयात दाद मागितली. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा जानेवारी २०२० मधील करार, शेजारी देशांतील गुंतवणुकीवर भारत सरकारने घातलेल्या निर्बंधांमुळे २०२२ मध्ये निष्फळ ठरला.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने या कारखान्याची जमीन, इमारती व काही यंत्रसामग्री घेण्याचा करार केला. त्या वेळी त्याची वार्षिक क्षमता १,३०,००० गाड्यांची होती. हा व्यवहार ठराविक मालमत्तेपुरता होता. जुन्या कामगारांना नव्या मालकाने सामावून घ्यावे, ही त्यांची मागणी त्यामुळे वादाचा विषय झाली. जानेवारी २०२४ मध्ये ताबा मिळाल्यावर यंत्रसामग्रीचे नूतनीकरण करण्यात आले आणि २०२५ मध्ये प्रथम एंजिनांचे व ऑक्टोबरपासून मोटारगाड्यांचे उत्पादन सुरू झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजारात आलेली नवी व्हेन्यू ही तेथे तयार होणारी ह्युंदाईची पहिली गाडी होय. तमिळनाडूबाहेरील ह्युंदाईचा भारतातील हा पहिलाच मोटार-कारखाना असून, त्याच्या उभारणीमुळे पुणे–चाकण–तळेगाव या मोटार-उद्योगाच्या पट्ट्यात कोरियन मोटार-उत्पादनाला पुन्हा स्थान मिळाले आहे.