पेशींचा फास
झाडाचें पान गळतें तें नेहमीं वाऱ्यानेंच असें नाहीं. पुष्कळदां झाडच तें सोडून देतें. शरीरांतील पेशींच्या अशाच नियत मृत्यूला १९७२ सालीं पानगळ सुचविणारें 'अपॉप्टोसिस' हें ग्रीक नांव मिळालें. त्याची एक कळ मात्र अवचित सांपडली. १९८९ सालीं जपानांत योनेहारा यांनीं मानवी पेशी उंदरांना टोंचून प्रतिपिंडें मिळविलीं. प्रतिपिंडाचें काम नेमकें प्रथिन हुडकून त्याला चिकटण्याचें. पण एक असें निघालें कीं, तें चिकटतांच पेशी मरूं लागल्या! त्या प्रथिनाचें नांव 'फास'. तें पडलें एफएस-७ या पेशींवरून. मराठी कानाला मात्र, श्रोतेहो, भलतेंच सार्थ वाटेल. कर्करोगाला हा फास लावतां येईल, अशी आशा उत्पन्न झाली. १९९३ सालीं ओसाकांत तशाच जातीचें प्रतिपिंड उंदरांना टोंचलें. निरोगी यकृताच्या पेशींवरहि तोच फास होता. उंदीर कांहीं तासांतच दगावले.