लाखेची चमक आणि पॅरिसच्या खिडक्या

सावंतवाडीचे गंजिफाचे पत्ते तुम्ही पाहिले असतील. गोल, हाताने रंगवलेले. दशावतारी डावात १२० पानं: दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून, घोटून पान तयार करायचे, रंगवायचे, लाखेने चकचकीत करायचे. हातात घेतलं की डोळे निवतात. फोटो काढला की नेमका मत्स्याच्या तोंडावर पांढरा डाग!

कारण पानावरून दोन प्रकारचा उजेड येतो. एक लाखेच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि दिव्याचं प्रतिबिंब आणतो. दुसरा रंगाच्या थरात शिरतो, तिथल्या कणांवर आपटत बाहेर येतो. चित्र दिसतं ते या दुसऱ्यामुळे.

दोघांना वेगळं कसं करायचं, याचा धागा १८०८ साली पॅरिसमध्ये सापडला. एतिएन-लुई मालुस हा लष्करी अभियंता लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळत्या सूर्याचं प्रतिबिंब कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी कधी एक, कधी दुसरी फिकी पडू लागली. म्हणजे काचेवरून परतलेला प्रकाश ध्रुवीभूत होतो, त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत राहतात. १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने हे कोणत्या कोनात पूर्णपणे घडतं त्याचा नियम दिला. काचेसाठी तो सुमारे ५६ अंश. १९२९ मध्ये एडविन लँडने ध्रुवक पटलाच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि पुढे स्फटिकाचं काम साधं पातळ पटल करू लागलं.

पान समोरून टिपायचं असेल तर दिव्यांवर एक पटल लावा, लेन्सवर त्याच्याशी काटकोनात दुसरं. लाखेवरून परतलेला उजेड आपली दिशा राखतो, म्हणून लेन्सपाशी अडतो. रंगात शिरून आलेला दिशा विसरतो, म्हणून त्यातला निम्मा तरी आत पोचतो. डाग गायब!

पण डागासोबत लाखही गायब होते, हे लक्षात घ्या. १९७०च्या सुमारास शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा जाणकार हात मोजकेच उरले होते. उद्या कुणाला जुनं पान पुन्हा घडवायचं झालं, तर रंग पहिल्या फोटोतून कळतील. लाख किती गुळगुळीत होती, कुठे भेगाळली, कुठे बोटांनी झिजली, हे मात्र चकाकीच सांगेल.

म्हणून प्रत्येक पानाचे दोन फोटो काढा: एक चमक घालवून, एक चमकेसकट.