भेडाघाट आणि अल्हणदेवीचा लेख

जबलपुरास गेलेला मनुष्य भेडाघाट पाहतो म्हणजे नावेंत बसतो, पांढऱ्या कड्यांमधून फिरतो आणि परत येतो. आम्हींही प्रथम तेंच केलें. नर्मदा येथें संगमरवरी खडकांच्या चिंचोळ्या घळींत शिरते. दोहों बाजूंस शंभर फुटांच्या सुमाराचे कडे, आणि मध्यें खोल, जवळजवळ निश्चल पाणी. आमचा नावाडी यमकें जुळवीत खडकांना वाटेल तीं रूपें देत होता, आणि १९६० सालच्या राज कपूरच्या चित्रपटाचें चित्रण कोठें झालें तेंही मोठ्या अगत्यानें दाखवीत होता. इतिहासाचें नांव त्यानें काढलें नाहीं. पण त्याला दोष काय द्यावा? नावेंतल्या आम्हां पदवीधरांपैकीं तरी कोणीं तें काढलें होतें?

नावेंतून उतरून पायऱ्यांनीं टेकडी चढलों. वर चौसष्ट योगिनींचें वर्तुळाकार देवालय आहे. नांव चौसष्टांचें, पण देवकुलिका एक्क्यायशी! दहाव्या शतकांत, कलचुरि राजांच्या अमदानींत, तें उभें राहिलें. मधल्या गौरीशंकराच्या मंदिरांत पूजा अद्याप चालते. भोंवतींच्या बहुतेक योगिनी मात्र भग्न आहेत.

याच गांवीं गयकर्ण राजाची राणी अल्हणदेवी हिचा शिलालेख सांपडला. ही मेवाडच्या गुहिल घराण्यांतली कन्या आणि माळव्याच्या उदयादित्य परमाराच्या कन्येची मुलगी. पुत्र नरसिंह राज्य करीत असतां, कलचुरि संवत् ९०७ मध्यें, म्हणजे इ. स. ११५५ त, तिनें येथें वैद्यनाथाचें मंदिर बांधलें. त्याला जोडून मठ, उद्यान आणि व्याख्यानशाला! ज्यांचें आयुष्य व्याख्यानें देण्यांत गेलें, त्यांना हा शेवटचा शब्द वाचून कांहींसें भरून आलें तर वाचकांनीं हंसूं नये. त्या व्याख्यानशालेची जागा आम्हीं पुष्कळ शोधली. ती आम्हांस मिळाली नाहीं.

शिळाही येथें नाहीं. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञानें लेख प्रसिद्ध केला, आणि ती शिळा सातासमुद्रांपलीकडे न्यू हेवन येथें अमेरिकन प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहीं गेली. हॉलचे उपकार आम्ही विसरत नाहीं. पण दान जेथें दिलें तेथेंच त्याची साक्ष नसावी, ही गोष्ट मनाला बोंचते. पुढें नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं १९५५ सालीं कलचुरींच्या लेखांचा संग्रह संपादिला, म्हणून आम्हां महाराष्ट्रीयांस राणीची ओळख घरबसल्या होते.

महाराष्ट्राचा या मुलखाशीं याहून जुना संबंध आहे. सागरच्या मराठ्यांनीं तो १७८१ त घेतला, १७९८ त तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं जिंकला. १८३५ च्या कार्तिक-अखेरीस येथें आलेल्या स्लीमननें आपल्या प्रवासग्रंथाचा आरंभच येथील यात्रेनें केला. एका परक्या अंमलदारास जें लिहून ठेवावेंसें वाटलें, तें भोसल्यांच्या कारकुनांपैकीं कोणास वाटलें असेल काय? आम्ही हा विचार करीत असतां मुलांनीं धुवांधारची घाई केली. तिकडून धबधब्याचा घोष ऐकूं येतच होता. आम्ही उठलों आणि नदीकांठच्या वाटेला लागलों.