कॅमेऱ्याची बॅटरी : अस्सल की बनावट?

पितळखोऱ्याची लेणी, गौताळा अभयारण्य, अंतूरचा किल्ला... कन्नड तालुका छायाचित्रकारांना नेहमीच साद घालतो. मात्र पायऱ्या उतरून लेण्यांपाशी पोचल्यावर बॅटरीने मान टाकली, तर कॅमेरा असून नसल्यासारखा. लग्नसराईत छायाचित्रणावर पोट असणाऱ्यांचे तर उत्पन्नच बुडते. हवी ती बॅटरी गावात मिळेलच असे नाही आणि जिल्ह्याचे ठिकाण सुमारे ६० किलोमीटर दूर. साहजिकच खरेदी ऑनलाइन होते आणि तेथेच फसगतीची शक्यता वाढते.

फरक ओळखावा
स्वतःच्या नावाने विकली जाणारी, दुसऱ्या कंपनीची 'कंपॅटिबल' बॅटरी बनावट नव्हे. कॅनन किंवा निकॉनचे नाव व बोधचिन्ह चोरून विकली जाते, ती बनावट.

मागणी नोंदवण्यापूर्वी
संकेतस्थळ नामांकित असले, तरी माल बहुधा तेथील स्वतंत्र विक्रेत्याचा असतो. त्याचे नाव व पत्ता तपासावा. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार तो तपशील देणे बंधनकारक आहे. अधिकृत विक्रेत्यांची यादी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावी. किंमत निम्म्याहून कमी असेल, तर सावध व्हावे. क्षमतेचा आकडाही बोलका असतो. कॅननच्या 'एलपी-ई६एन' बॅटरीची क्षमता १८६५ मिलीअँपिअर-तास आहे. त्याच नावाच्या बॅटरीवर २६०० लिहिलेले दिसल्यास ती अस्सल नाही, हे निश्चित समजावे.

हाती आल्यावर
खोके फोडतानाचे चित्रीकरण करून ठेवावे. छपाई पुसट आहे का, शब्दांत चुका आहेत का, सांधे ओबडधोबड आहेत का, हे जुन्या अस्सल बॅटरीशी ताडून पाहावे. निकॉनच्या बॅटरीवर होलोग्राम असतो. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, 'आयएस १६०४६' हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा. तो 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. छापील चिन्हांचीही नक्कल होते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. कॅननचे अनेक कॅमेरे बॅटरी न ओळखल्यास पडद्यावर तशी सूचना देतात.

धोका केवळ पैशांचा नाही
लिथियम-आयन बॅटरीत अतिरिक्त चार्जिंग व शॉर्टसर्किट रोखणारे संरक्षक मंडल असते. बनावट मालात ते निकृष्ट असते किंवा नसतेच. परिणामी बॅटरी तापते, फुगते, प्रसंगी पेट घेते. फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यातच अडकून बसते. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, कचऱ्यातही टाकू नये. ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.

दाद कोठे मागावी?
प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला, तरी कन्नडच्या ग्राहकाला छत्रपती संभाजीनगरातच दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती, खोके आणि बॅटरी जपून ठेवणे आवश्यक आहे.