काळ्या चष्म्याची चौकट

चैत्र-वैशाखातील व्याख्याने सायंकाळी ठेवावी लागतात, कारण दुपारचे ऊन श्रोत्यांना घराबाहेर पडू देत नाही. तरीही उन्हे पुरती कलण्यापूर्वी जे श्रोते येथे येऊन पोहोचतात, त्यांतील पुष्कळांच्या नाकावर काळा चष्मा असतो आणि मंडपात शिरताना तो खिशात जातो. त्यांतही चौकोनी चौकटीचे चष्मे बरेच दिसतात. राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास ऐकण्याची सवय असलेल्या कानांना हा विषय हलका वाटेल. पण वस्तू लहान असली म्हणजे तिचा इतिहासही लहान असतो असे नाही. आणि येथे तर इतिहास न जाणल्याने होणारी हानी प्रत्यक्ष डोळ्यांची आहे. म्हणून आम्ही आज हा विषय घेतला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. 'चष्मा' हा शब्द फारसीतून आला. 'चश्म' म्हणजे डोळा. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्याला 'चाळिशी' म्हटले, कारण वयाच्या चाळिशीत तो लागे. 'गॉगल' हे मुळात धूळ, वारा आणि ठिणग्या यांपासून डोळे राखणाऱ्या बंदिस्त साधनाचे इंग्रजी नाव. मराठीत ते सरसकट काळ्या चष्म्याचे झाले. पाहणे, पोथी वाचणे आणि डोळे राखणे, असे तीन हेतू या तीन नावांत आहेत. मिरवणे हा चौथा हेतू कोणत्याच नावात नाही. पण दुकानात पाऊल टाकताना बहुधा तोच आपल्या पुढे चालत असतो.

डोळे राखण्याचा हेतू सर्वांत जुना. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांनी हाड, हस्तिदंत किंवा लाकूड कोरून त्यात अरुंद चिरा पाडल्या आणि ती पट्टी डोळ्यांवर बांधली. बर्फावरून परावृत्त होणाऱ्या उन्हाने तात्पुरते आंधळेपण येते. त्यावर त्यांनी शोधलेला हा उपाय होता. त्यात काच नव्हती, रंग नव्हता, पण नको तो प्रकाश अडविण्याचे काम चोख होई. उलट, रोमचा बादशहा नीरो याच्याविषयी प्लिनीने जे लिहिले आहे, की तो पाचूच्या साह्याने ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाही, त्याचा अर्थ आरपार पाहणे की पाचूत उमटणारे प्रतिबिंब पाहणे, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. चीनमध्ये धुरकट स्फटिकाचे चष्मे होते. न्यायाधीश आपल्या मनातील भाव पक्षकारांना कळू नये म्हणून ते लावीत, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, काळ्या काचेआडचा मनुष्य आपल्याला पाहतो आणि आपण मात्र त्याला पाहू शकत नाही, हे तिने अचूक हेरले आहे.

नजरेचा चष्मा इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस निघाला. 1306 साली फ्लॉरेन्समध्ये प्रवचन करताना जोर्दानो नावाच्या धर्मोपदेशकाने ही कला निघून वीस वर्षेही झाली नाहीत असे सांगितले होते. आपल्याकडील चष्म्याच्या इतिहासाचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. सोळाव्या शतकात विजयनगरच्या व्यासतीर्थ स्वामींनी चष्म्याच्या साह्याने ग्रंथ वाचल्याचा उल्लेख 'व्यासयोगिचरित' या संस्कृत चरित्रात आहे. पोर्तुगीज गोव्यात येऊन स्थिरावले तोच हा काळ, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

काचेला रंग देण्याचा विचार पुढे आला. लंडनचा चष्मेकार जेम्स ऐस्कफ याने अठराव्या शतकाच्या मध्यास पांढऱ्या काचेतून येणारा झगमगाट डोळ्यांना त्रासदायक असतो असे सांगून निळ्या-हिरव्या काचेची शिफारस केली. पण रंग आणि संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे शास्त्राने स्पष्ट केले ते विसाव्या शतकात. काचकारखान्यांच्या भट्ट्यांपुढे काम करणाऱ्या मजुरांना मोतीबिंदू होई. त्यांच्यासाठी विल्यम क्रुक्स या शास्त्रज्ञाने निरनिराळी मूलद्रव्ये मिसळून अनेक काचा तयार केल्या आणि 1913 साली सिरियमयुक्त काचेचे गुण प्रसिद्ध केले. डोळ्यांना दिसणारा प्रकाश फारसा न अडविता न दिसणारे घातक किरण अडवावयाचे, हे त्याचे सूत्र. मजुरांच्या डोळ्यांसाठी झालेले हे संशोधन शौकिनांच्या चष्म्याचा पाया ठरले.

पुढे वैमानिक आले. ढगांवरच्या लखलखाटाने त्यांचे डोळे शिणत, म्हणून अमेरिकेतील बॉश अँड लॉम्ब या कंपनीने हिरव्या काचेचा चष्मा केला आणि 1937 साली तो 'रे-बॅन', म्हणजे किरणांना बंदी, या नावाने बाजारात आणला. त्याची चौकट धातूच्या तारेची आणि आकार थेंबासारखा होता. वैमानिकाची नजर खालच्या यंत्रांकडेही वळते, तेव्हाही डोळा झाकलेला राहावा, यासाठी तो आकार सोयीचा होता.

मग चौकोन आला कोठून? आमच्या मते त्याचे उत्तर द्रव्यात आहे. तार वळविली की ती गोलाईकडे झुकते. तिला जाड कड आणि ठसठशीत कोपरा देता येत नाही. सेल्युलोज ॲसिटेटचा पत्रा मात्र कोरून काढता येतो, आणि तो जुन्या सेल्युलॉइडसारखा भडकन पेटतही नाही. या द्रव्याचा लाभ घेऊन रेमंड स्टेगमन याने 1952 च्या सुमारास त्याच कंपनीसाठी 'वेफेअरर' हा चष्मा रेखाटला. वरची कड रुंद, खालची अरुंद, काड्या जाड. भूमितीच्या भाषेत तो चौरस नव्हे, समलंब चौकोन आहे. पण लोकांच्या लेखी चौकोनी चष्मा म्हणजे तोच झाला.

याच चष्म्याच्या नशिबाची पुढील कथा बोधप्रद आहे. सत्तरीच्या दशकात तो मागे पडला. 1981 साली त्याचे अवघे 18,000 नग खपले. 1982 साली कंपनीने चित्रपटांत आपले चष्मे दिसावेत म्हणून एका मध्यस्थ संस्थेशी करार केला. 1983 साली 'रिस्की बिझनेस' या चित्रपटात टॉम क्रूझ या नटाच्या डोळ्यांवर तो झळकला आणि त्या वर्षी खप 3,60,000 वर गेला. तीन वर्षांत मनुष्याच्या चेहऱ्याची ठेवण बदलत नाही, की सूर्य अधिक तापत नाही. बदलली ती केवळ लोकांची नजर, आणि ती पैसे मोजून बदलविली गेली होती. आपण आपल्या आवडीने निवडतो असे आपल्याला वाटते तेव्हा हा हिशेब आठवावा.

याचा अर्थ चौकोनी चष्मा लावू नये असा नव्हे. गोल चेहऱ्याला कोपऱ्यांची चौकट खुलते, आणि ज्याचा जबडाच चौकोनी आहे त्याने कोपरे किंचित मवाळ असलेली घ्यावी, हा दुकानदारांचा ठोकताळा विरोधाच्या तत्त्वावर आधारलेला आहे व पुष्कळदा लागू पडतो. आमचा आग्रह क्रमाविषयी आहे: आधी काच, मग बसणी, शेवटी आकार. कारण गडद काचेआड डोळ्याची बाहुली विस्फारते. त्या काचेत अतिनील किरण अडविण्याचा गुण नसेल, तर ते किरण विस्फारलेल्या बाहुलीतून अधिकच आत शिरतात. गडदपणा म्हणजे संरक्षण नव्हे. 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात की नाही, हे विचारावे आणि दुकानात मापक असेल तर तपासून घ्यावे. आंतरराष्ट्रीय मानकात काचेच्या 0 ते 4 अशा श्रेणी आहेत. आपल्या उन्हाला साधारण तिसरी श्रेणी, म्हणजे 8 ते 18 टक्के प्रकाश आत येऊ देणारी, पुरेशी होते. चौथी वाहन चालविताना वर्ज्य आहे. चष्मा हातभर दूर धरून त्यातून खिडकीची उभी कड पाहावी व चष्मा हळूहळू हलवावा. कड लाटेसारखी हलली तर काच सदोष समजावी. चौकट कपाळाजवळ बसावी, नाही तर वरून आणि बाजूंनी ऊन आत येतेच. जाड काडी बाजूचे ऊन अडवते, तशीच बाजूने येणारी गाडीही झाकते, हे वाहन चालविणाऱ्याने विसरू नये. आणि कितीही महाग काळा चष्मा असला तरी त्यातून सूर्यग्रहण पाहू नये.

चिनी न्यायाधीशाची ती कथा आम्ही मुद्दाम सांगितली. ऊन असेल तेथे चष्मा अवश्य लावावा. पण कोणी आपल्याशी बोलावयास थांबले, विशेषतः वडीलधारे माणूस किंवा काही मागण्यासाठी आलेला गरजू, तर तो क्षणभर उतरवावा. त्याला आपले डोळे दिसू द्यावेत. मंडपात शिरताना आपण तो उतरवता ते अंधारामुळे असेल. आम्ही मात्र त्याला सौजन्य समजतो, आणि त्याबद्दल आपले आभार मानून येथेच थांबतो.