लांकडी मांडव आणि कांचेच्या भिंती

आमच्या परसांत आठ सागवानी खांबांचा एक मांडव आहे. वर मंगलोरी कौलें, बाजूंना कमरेइतका कठडा, आणि बाकी सर्व मोकळें. तो वडिलांनीं बांधला. मीं तेथें बसून वर्षानुवर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. आतां माझी नात तेथें अभ्यासाला बसते. पावसाळ्यांत मात्र झोड आंत येते आणि पुस्तकें भिजतात. म्हणून माझ्या मुलानें सुचविलें कीं, आठही गाळ्यांना कांचा लावून मांडवाची बंदिस्त खोली करावी. उजेड तसाच राहील आणि पाऊस तेवढा बाहेर राहील. सूचना ऐकून मन मात्र साशंक झालें. सुताराला बोलावण्यापूर्वीं इतिहास चाळावा, ही मास्तरकीची जुनी खोड. त्या चाळण्यांतून जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

युरोपांत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो माणसांपेक्षां नारिंगाच्या झाडांसाठीं. जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पांचवा फ्रेडरिक या राजानें सालोमाँ द को या फ्रेंच स्थपतीकडून किल्ल्यालगत एक भव्य बाग करविली. तेथील नारिंगाचीं झाडें कुंड्यांत नव्हे, तर जमिनींत लावलेलीं होतीं. तिकडचा कडक हिंवाळा त्यांना सोसणारा नव्हता. म्हणून दरवर्षीं थंडीच्या तोंडावर त्यांच्याभोंवतीं लांकडाचें मोठें घर उभारीत, आंत भट्ट्या पेटवीत आणि वसंत आला कीं तें सर्व उकलून ठेवीत. या दरसालच्या खटाटोपाऐवजीं दगडाची कायमची इमारत बांधावी आणि छप्पर व खिडक्या तेवढ्या उन्हाळ्यांत काढून घेतां येतील अशा कराव्या, असा द को याचा बेत होता. बागेविषयींचें त्याचें पुस्तक १६२० सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत प्राहाजवळच्या लढाईंत फ्रेडरिकाचा पराभव होऊन त्याचें बोहेमियाचें राज्य गेलें. एकच हिंवाळा टिकलेला राजा म्हणून लोक त्याला ‘हिंवाळी राजा’ म्हणूं लागले. बाग अपुरीच राहिली. परंतु द को याचा मूळ विचार ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: ज्या ऋतूंत बंद करावयाचें त्या ऋतूंत बंद, आणि इतर वेळीं मोकळें.

हा विचार सामान्य गृहस्थाच्या अंगणांत येण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. त्याचें कारण कांचेची किंमत. इंग्लंडांत १६९६ पासून घराच्या खिडक्या मोजून कर बसे. तो चुकविण्यासाठीं लोकांनीं खिडक्या विटांनीं बुजविल्या. अशा बुजविलेल्या खिडक्या तेथील जुन्या घरांत आजही दिसतात. त्यांत १७४६ पासून खुद्द कांचेवर वजनानें जकात आली. जाड तावदान म्हणजे जास्त कर. शिवाय त्या काळीं खिडकीची कांच बहुधा फुंकून, गरगर फिरवून तबकडीसारखी करीत. तींतून लहान लहान तुकडेच निघत. १८३२ च्या सुमारास चान्स बंधूंच्या कारखान्यानें निराळी रीत इंग्लंडांत आणली. कांचेचें लांब नळकांडें फुंकावयाचें, तें उभें चिरावयाचें आणि भट्टींत सपाट करावयाचें. तावदानें मोठीं झालीं. पुढें १८४५ सालीं कांचेवरील जकात उठली आणि १८५१ सालीं खिडक्यांवरील करही गेला. उजेडावर दीड शतक बसलेला कर उठला, असेंच म्हणावयास हवें.

त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें जोसेफ पॅक्स्टन यानें स्फटिकगृह उभें केलें. हा गृहस्थ स्थपति नव्हे. चॅट्सवर्थ येथील ड्यूकच्या बागेचा मुख्य माळी. तेथें प्रचंड पानांच्या अमेरिकन कमळासाठीं त्यानें एक कांचगृह बांधलें होतें, तोच अनुभव त्याच्या कामीं आला. स्फटिकगृहाला सुमारें तीन लाख तावदानें लागलीं. सांगाडा लोखंडाचा होता हें आपण शाळेंत शिकतों. परंतु तावदानें धरणाऱ्या पट्ट्या आणि छपराच्या पन्हळी लांकडाच्याच होत्या. या पन्हळींची खुबी पाहण्यासारखी आहे. मधली खांच बाहेरचें पावसाचें पाणी वाहून नेई, आणि दोन्ही अंगांच्या बारीक खांचा कांचेच्या आंतल्या बाजूला जमणारे वाफेचे थेंब टिपून घेत. म्हणजे पाणी केवळ बाहेरून येत नाहीं, तें आंतही धरतें, हें त्या माळ्यानें ओळखलें होतें. त्यानें भिंतींत उघडझांप करतां येतील अशा झडपा बसविल्या आणि छपरावर बाहेरून कापड ताणलें. लंडनसारख्या थंड शहरांत ही काळजी घ्यावी लागली, मग आपल्याकडील वैशाखाची कथा काय!

कांचेआड उष्णता कशी सांचते, याचा प्रयोग सोस्यूर या जिनीव्हाच्या शास्त्रज्ञानें १७६७ सालीं केला. आंतून काळ्या केलेल्या लांकडी पेटीवर त्यानें कांचांचे थर बसविले. उन्हांत त्या पेटींतील उष्णमान उकळत्या पाण्याहूनही वर गेलें. पुढें १९०९ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ वुड यानें दाखविलें कीं, अशा पेटीच्या तापण्याचें मुख्य कारण म्हणजे आंतील ऊन हवेला बाहेर जाण्यास वाट नसणें. तेव्हां दोष कांचेचा थोडा, कोंडण्याचा फार.

आपल्या देशांत हें ज्यांनीं जाणलें त्यांचें काम डोळ्यांपुढें आहे. बंगळूरच्या लालबागेंतील कांचगृहाची पायाभरणी १८८९ सालीं झाली. नमुना लंडनच्या स्फटिकगृहाचा. परंतु खालच्या अंगाला वाऱ्याला मोकळी वाट ठेविलेली. उलट सिमल्यासारख्या थंड ठिकाणीं बंगल्यांच्या व्हरांड्यांना सरसकट तावदानें लागलीं, तीं तेथें योग्यच होतीं.

आमच्या मांडवाशीं सर्वांत जवळचें उदाहरण मात्र मला अमेरिकेंत सांपडलें. मार्क ट्वेन या लेखकासाठीं १८७४ सालीं त्याच्या मेहुणीनें एल्मायरा गांवाजवळच्या टेंकडीवर आठ कोनांची एक लांकडी खोली बांधविली. चहूंकडे खिडक्या, आगबोटीच्या सुकाणूघरासारखी तिची ठेवण. ‘टॉम सॉयर’ आणि ‘हकलबेरी फिन’ या पुस्तकांचा बराच भाग तेथें लिहिला गेला. उकाड्याच्या दिवशीं तो सर्व खिडक्या सताड उघडी आणि कागद उडूं नयेत म्हणून त्यांवर विटांचे तुकडे ठेवी. १९५२ सालीं ती खोली गांवांतील महाविद्यालयाच्या आवारांत हलविली आणि ती आजही तेथें आहे.

आतां आमच्या घरचा निकाल सांगतों. पाऊस दक्षिण-पश्चिमेकडून येतो. त्या बाजूंना कांच बसवावयाची, पण बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या झडपांत, म्हणजे आश्विन लागतांच त्या उघडतां येतील. कौलांखालीं उष्ण हवेला निघण्यासाठीं झरोके ठेवावयाचे. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, म्हणून तावदान चौकटींत घट्ट ठोकावयाचें नाहीं. भोंवतीं थोडी फट सोडून ती लांबीनें भरावयाची. चैत्र-वैशाखांत पश्चिमेला वाळ्याच्या ताट्या लावावयाच्या, त्याही कांचेच्या बाहेर. कारण ऊन एकदां आंत आलें म्हणजे पडद्यानें तें परत जात नाहीं.

पूर्वेचे दोन गाळे मात्र मीं मोकळेच ठेवावयास सांगितले. माझ्या मुलानें कारण विचारलें. पावसाची झोड तिकडून येत नाहीं, हें एक कारण झालें. दुसरें असें कीं, शेजारचीं मुलें गणित अडलें म्हणजे त्याच बाजूनें येतात. मोकळ्या मांडवांत शिरावयास कोणी परवानगी विचारीत नाहीं; कांचेच्या दाराशीं मूल थबकतें. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग सुताराला सहाच गाळ्यांचीं मापें घेण्यास सांगून बाहेर गेला.